एकदाच विचारलं

क्लोईने बिस्किटांचा डबा पुढे केला. शाल्मली म्हणाली, नको, आत्ताच खाल्लंय. क्लोईने झाकण लावलं आणि डबा कपाटात ठेवून दिला. शाल्मलीने सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं.

नॉटिंगहॅममध्ये राहून तिला बरीच वर्षं झाली होती, पण इथली झाकणं इतक्या पटकन लागतात याची सवय काही झाली नव्हती.

शाल्मली नर्स होती त्या दातांच्या दवाखान्याची क्लोई मॅनेजर. बाई चांगली, बोलायला सरळ. तिने लगेच मुद्द्याला हात घातला. हदासा निवृत्त झाल्यापासून हेड नर्सची जागा रिकामी आहे आणि तिचं सगळं काम शाल्मलीच बघते आहे. सामान मागवणं, ड्यूट्या लावणं, खुर्चीत बसायला तयार नसलेल्या पोरांना गोड बोलून बसवणं. तर ही जागा आता रीतसर घेशील का? पगारही वाढेल.

याच प्रश्नाची शाल्मली कित्येक महिने वाट बघत होती. ती जागा तिला हवी होती, अगदी मनापासून हवी होती. म्हणूनच ती म्हणाली, "छे, मला कशाला? आहे ते बरं आहे की."

आणि हसून थांबली. आता क्लोई म्हणणार, असं कसं, तूच घ्यायला हवीस. मग आपण जरा आढेवेढे घ्यायचे, ती पुन्हा म्हणणार, मग आपण हो म्हणायचं.

"ठीक आहे," क्लोई म्हणाली. "स्पष्ट सांगितलंस, फार बरं झालं. मग मी दुपारी जाहिरात टाकते."

शाल्मली तिचे आभार मानून बाहेर आली. आभार कशाचे, ते तिलाही कळलं नाही. स्टाफरूममध्ये कोणी नव्हतं. तिने नवऱ्याला फोन लावून झालं ते सांगितलं.

"पण तू नाही का म्हणालीस?" अंशुमनने विचारलं.

"एकदम हो कसं म्हणायचं? हावरटासारखं दिसलं असतं."

"अगं, ती काय तुझी मावशी आहे, आग्रह करकरून वाढायला?"

मग आपण जरा जास्तच बोललो असं वाटून तो नरमला. जाऊ दे, पुढच्या वेळी बघू, म्हणाला.

पुढची वेळ कशी असेल ते शाल्मलीला स्वच्छ दिसत होतं. कोणीतरी नवीन येणार आणि तिला हे सगळं काम शाल्मलीनेच शिकवायचं. शिकवशील ना, असं विचारलं की आपण म्हणणार, त्यात काय एवढं. तिला अंशुमनचा राग आला, क्लोईचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या त्या मघाच्या हसण्याचा आला. तिने फोन ठेवला आणि परत जाऊन क्लोईच्या दारावर टकटक केली.

"मी मघाशी खोटं बोलले," ती उभ्यानेच म्हणाली. "मला ती जागा हवी आहे."

क्लोईने लॅपटॉप मिटला. तिला काही उमगेना. मग शाल्मलीने समजावून सांगितलं, की आमच्याकडे पहिल्यांदा नाहीच म्हणायचं असतं. समोरच्याने पुन्हा विचारायचं, म्हणजे त्याला खरंच द्यायचंय हे कळतं. इंग्रजीत सांगताना ते तिचं तिलाच विचित्र वाटलं. क्लोई म्हणाली, आमच्याकडे उलट आहे, एकदा नाही ऐकल्यावर पुन्हा विचारणं म्हणजे माणसाच्या मानगुटीवर बसणं.

"ख्रिसमसला मी तुला घरी जेवायला बोलावलं होतं," क्लोई हळूच म्हणाली.

"मला यायचं होतं."

"मला वाटलं, तुला आमच्यात आवडत नाही." हे बोलताना क्लोईचा चेहरा लाल झाला होता.

मग तिला एकदम हुरूप आला. तिने कागद ओढला, त्यावर पगाराचा आकडा लिहिला आणि तो शाल्मलीच्या बाजूला फिरवला. सुरुवातीला एवढा, नंतर बघू, चालेल ना, असं म्हणाली.

आकडा हदासाच्या पगारापेक्षा कमी होता. हदासाचा पगार शाल्मलीला ठाऊक होता, कारण हदासाने शेवटच्या दिवशी कप विसळता विसळता तिला तो सरळ सांगून टाकला होता. इथे कोणी कोणाला पगार सांगत नाही. हदासाची आजी मुंबईची, ही सवय तिच्याकडूनच आली असावी.

चालेल, चालेल, हे शब्द शाल्मलीच्या ओठांवर आले होते. आजवर ती प्रत्येक गोष्टीला तेच म्हणत आली होती. क्लोई मोठ्या आशेने तिच्याकडे बघत होती आणि नुकतीच कुठे दोघींची गट्टी जमत होती. तिला दुखवायचं शाल्मलीच्या अगदी जिवावर आलं.

"नाही," ती म्हणाली.

क्लोईने पेन खाली ठेवलं. तिने चेष्टेने विचारलं नाही, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"हा पुन्हा विचारायचा नकार आहे, की शेवटचा?"

"शेवटचा," शाल्मली म्हणाली. "काम हदासाचंच आहे. पगारही हदासाचाच हवा."

आणि बस म्हणायची वाट न बघता तिने खुर्ची ओढली आणि ती बसली.