कोरडी वीज

दक्षिणेला, येमेनच्या बाजूला वीज चमकली की तिथे पाऊस पडलाच, हे आमची शेंबडी पोरंही सांगतात. तरी चाऱ्यासाठी तळ हलवण्याआधी पाहणीला माणूस धाडायची रीत आहे. यंदा जहदरला धाडलं. सासऱ्याच्या ताटाखालचं मांजर! तो परतला तेव्हा आमच्या शेळ्या भुकेने उभ्याही राहीनात. “कोरडी वीज होती,” तो म्हणाला. “थेंब नाही, गवताची काडी नाही.” त्याच्या सासऱ्याचे कळप तिकडेच चरतात, हे सगळ्यांना ठाऊक, पण पाहणीवाल्याला उलट विचारायचं नसतं. माझी आत्या उठली. तिने त्याच्या सांडणीच्या जबड्यात हात घातला आणि रवंथाचा गोळा त्याच्या मांडीवर आपटला. हिरवागार, ओला. “काडी नाही म्हणालात ना, जावईबापू? मग ही काय सासऱ्याची दाढी चघळून आली?” आम्ही तंबू उपटले, त्याचा तेवढा सोडला. वाट दाखवायला सांडणी पुढे घातली.