भिंतीचा डिंक

चोपन्न सालच्या हनुमान जयंतीला धानोऱ्याच्या देवळात जन्माचं कीर्तन ठरलं, आणि आतल्या भिंतींना चुना मारायचं काम मुखरूकडे आलं. चुन्याने भिंत घट्ट धरावी, पोपडे सुटू नयेत, म्हणून त्यात कालवायला गावातल्या गुणाबाईने जंगलातून धावड्याचा डिंक वेचून त्याला आणून दिला होता. पण मुखरूच्या घरी लेक बाळंतीण, अंगात त्राण नाही. कोणाकडे मागायची त्याला लाज वाटली. आधी मूठभर डिंक लाडवांसाठी घरी गेला, मग उरलेलाही गेला. भिंतीला लागला नुसता चुना.

जन्माच्या घटकेला बुवांनी रामनामाचा गजर उचलला, टाळमृदंग असे घुमले की भिंतीचे पोपडे सुटून बुवांच्या पागोट्यावर झडू लागले.

"पाहा गा, देवच पांढरा बुक्का उधळून राह्यला!" लोक डोलत म्हणाले. मुखरूच्या तोंडून मात्र रामाचं नाव निघेना.

आरती होताच त्याने गुणाबाईचे पाय धरले. "बाई, भिंतीचा डिंक म्या घरी नेला. लेकीच्या लाडवात घातला. देवाच्या घरी चोरी केली."

गुणाबाईने कपाळावर हात मारला. "अगा मुखरूभाऊ, चुन्याले ओंजळभर पुरते. मंग मी टोपलंभर काऊन आणला?"

मुखरूने पाय सोडून मान वर केली.

"बाकीचा तुह्या लेकीसाठीच होता गा! देवाचा तेवढा तरी भिंतीले लावाचा होता!"