सातमीचा मायक्रोवेव्ह

शितळासातम, म्हणजे शितळादेवीसाठी चूल न पेटवता गार खाण्याचा दिवस, असल्यामुळे दांडिया बाजारातल्या त्या घरात सकाळपासून विस्तव नव्हता. काल रांधलेले थेपले सगळ्यांनी गारच खाल्ले होते. पण शिवांगीच्या सासऱ्यांच्या, मानसिंगरावांच्या, पायाच्या हाडात जंतू शिरले होते आणि शिरेतून द्यायच्या अँटिबायोटिकची पिशवी फ्रीझरमध्ये दगड होऊन बसली होती. रांधण्याच्या गडबडीत ती रात्री खाली काढून ठेवायला शिवांगी विसरली होती. नर्स एवढ्यात येणार होती आणि डोस चुकवून चालणार नव्हतं.

तिने मायक्रोवेव्ह उघडला, तशा सासूबाई कुसुमावती आडव्या आल्या. "त्यात विस्तव असतो का गं?"

"नाही आई. नुसत्या लहरी असतात."

कुसुमावतींनी आत डोकावून पाहिलं. विस्तव खरंच दिसेना. "मग औषधाचं सत्त्व जात नाही?"

शिवांगी इस्पितळात औषधं तपासायचंच काम करायची. "यातच वितळवलेल्या पिशव्या मी लॅबमध्ये तपासल्यात. सत्त्व राहतं. ऊन होऊ दिलं तर मात्र बिघडतं, म्हणून बर्फ सुटला की गार असतानाच बाहेर काढायची."

"गारच?"

"गारच."

"म्हणजे देवीचं आणि तुझं एकच म्हणणं. मग चालशे, चालेल."

पलंगावरून मानसिंगराव एकदम उठून बसले. "अगं, मग माझा कपभर चहाही टाक की त्यातच!"

"गप बसा," कुसुमावती म्हणाल्या. "चहाचं कुणी तपासलंय?"