चाकाखालचं लिंबू

ओरखडे पडलेलं लाल हेल्मेट. मंडईतलं लिंबू. हॉटेलवाल्याचा टेम्पो. चिखलीतल्या याच पत्र्याच्या शेडमधून तनुजा आणि जहीरमिस्त्रीचा संघ गो-कार्टच्या शर्यतीत देशात पहिला आला होता. मग प्रायोजक कंपनी मागे हटली, पोरं चाकणला नोकरीला लागली. शेवटची गाडी आज हॉटेलच्या भिंतीवर लटकायला निघाली होती. जहीरने सवयीने पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. दर शर्यतीआधी तनुजा ते चिरडूनच निघायची. दोघांनी ढकललं. इंजिन काढलेली गाडी लिंबालाच अडली. टेम्पोवाला हसला, "मॅडम, लिंबाकडून हरली की तुमची गाडी!" जहीर हसला नाही. "तनू, बस आत. वजन पाहिजे." "जहीरभाई, इंजिन कुठाय?" "मी आहे ना." तिने हेल्मेट घातलं, काच खाली ओढली. जहीरने मागून सगळा जोर लावला. लिंबू एकदाचं फुटलं. लिंबाची प्रथा नंतरची; अगदी पहिली शर्यत त्यांनी लिंबाशिवायच जिंकली होती.