टवका उडालेलं बूच

सल्फ्युरिक ॲसिडच्या बाटलीच्या काचेच्या बुचाचा तांदळाएवढा टवका उडालेला होता. नायट्रिकच्या बाटलीची मान किंचित वाकडी होती. नगरच्या कॉलेजात वर्षभर ती याच खुणांवरून ॲसिड ओळखत आली. बहात्तरच्या प्रॅक्टिकल परीक्षेला मात्र टेबलावर नव्या, एकसारख्या बाटल्या आल्या. लेबलांवरची अक्षरं नेहमीसारखी जागा बदलू लागली. नापास झाली तर तिचं कॉलेज सुटणार होतं. तिचा हात दोन बाटल्यांमध्ये थांबला. "रंगूनबाई, बाटली बोलनार न्हाई, वाच की!" शेजारचा मुलगा कुजबुजला. सरांनी ऐकलं. "गप रे. ब्रह्मदेशातून आलीय, वेळ लागणारच." या वाक्याने तिला शाळेतून कॉलेजापर्यंत आणलं होतं. रंगूनच्या शाळेतल्या बाई म्हणायच्या, "हिंदुस्थानी मुलगी, वेळ लागणारच." तिने हात मागे घेतला. "सर, लेबलं वाचून दाखवा, प्रयोग मी करते. मला रंगूनमध्येही वाचता येत नव्हतं."