माथ्यावरून बोलतोय

"मी माथ्यावरून बोलतोय," घड्याळवाल्याने माइकचं बटण दाबून सांगितलं.

माथा अजून बराच वर होता. पायवाट तासाभरापूर्वीच संपली होती आणि पुढच्या काटेरी झुडपांनी दोघांच्या नाकी नऊ आणले होते. त्या उतारावर एकच झाड होतं, तेही वाकडं. घड्याळवाल्याने त्याच्याखाली बसकण मारली ती मारलीच. सोबत आलेला मेव्हणा धंद्याने वायरमन. एरियल बांधायला तोच झाडावर चढला, तर फांदीच्या सालीत आधीच एक हिरवी पडलेली तांब्याची तार रुतलेली. "इथं कोण आलं होतं कडमडायला?" असं म्हणत त्याने आपली तार तिच्याशेजारी बांधली आणि खाली उतरला.

आता भावोजींचं वाक्य ऐकून त्याने वर पाहिलं.

"भावोजी, माथा तो तिथं आहे."

"शंभर-सव्वाशे मीटरने रेडिओला काय फरक पडतो रे?"

"रेडिओला नाही पडत," मेव्हणा म्हणाला आणि तळव्यातले काटे काढत बसला.

हौशी रेडिओवाल्यांचा नियम साधा. माथ्यावरून चार जणांशी बोलणं झालं, की ते शिखर तुमच्या नावावर. तपासायला कुणी येत नाही, सगळं शब्दावर चालतं. या शिखरावर तीस वर्षांत एकच नाव लागलं होतं. दुसरं आपलं लागावं म्हणून घड्याळवाल्याने सहा महिने घरादाराचे कान किटवले होते. एरवी हा माणूस दुरुस्त केलेलं घड्याळ अर्धा सेकंद मागे पडलं तरी गिऱ्हाइकाला देत नसे.

तीन आवाज भराभर मिळाले. तिघांनाही त्याने "माथ्यावरून" म्हणून सांगितलं, आणि तिसऱ्या खेपेला तर ते अगदी सहज तोंडातून गेलं. चौथा आवाज म्हाताऱ्याचा होता. घड्याळवाल्याने वहीत त्याची वेळ मिनिटासकट लिहिली.

"खरंच माथ्यावर आहात? अहो, शाब्बास! काय काय दिसतं हो वरून?"

घड्याळवाल्याने घरी पाहिलेला नकाशा आठवला. "पलीकडे तलाव दिसतोय. त्याच्या मागे रेल्वेचा पूल."

काटा काढणारा मेव्हण्याचा हात थांबला.

"तलाव दिसतो म्हणजे!" म्हातारा खूश झाला. "मला वाटलंच होतं. त्याचं काय आहे, तुमच्याआधी तिथं ज्याचं नाव आहे ना, तो मी. पण मी पोहोचलोच नव्हतो हो. अर्ध्यातच बसलो, तिथूनच बोललो आणि दिलं माथा म्हणून ठोकून. बायकोने अख्ख्या गल्लीला सांगितलं. ती गेली, पण तिला खरं काय ते सांगायचं काही धाडस झालं नाही. आता माझे गुडघे गेले. म्हटलं, खरा पोहोचलेला कुणी भेटला तर निदान त्याला विचारावं. सांगा, अजून सांगा. ओव्हर."

घड्याळवाल्याला लाज वाटली, म्हाताऱ्याची आणि त्याहून जास्त शेजारी बसलेल्या मेव्हण्याची. मेव्हणा काही बोलला असता तर बरं झालं असतं. तो नुसता कोयत्याला चिकटलेला पाला बोटाने काढत होता.

"ऐकू येतंय ना?" म्हाताऱ्याने विचारलं. "ओव्हर."

घड्याळवाल्याने बटण दाबलं. पुलाला किती खांब आहेत, तेही त्याला नकाशावरून सांगता आलं असतं.

"काका," तो म्हणाला, "झुडपं दिसतायत."

बटण सोडायचं भान त्याला जरा उशिराने आलं.

रेडिओत नुसती खरखर.

"वाकडं झाड आहे का हो जवळ?" म्हाताऱ्याचा आवाज आला. "फांदीला एक तार असेल बघा. सोडवायची राहिली."