मान धरा!

"मध्यंतराला निघायचं हं," तिने नवऱ्याला तिसऱ्यांदा बजावलं आणि पुन्हा मोबाइल पाहिला. पाच महिन्यांच्या बाळाला पहिल्यांदाच सासूबाईंवर सोपवून ती घराबाहेर पडली होती. सासूबाईंचा निरोप आला होता, 'दूध पिऊन झोपलाय. आता फोन करू नकोस, उठेल.' तरी तिच्या जिवाची घालमेल थांबेना.

"बघ तरी, विनोदी आहे," नवरा म्हणाला. चिनी मारामारीचा सिनेमा ती जन्मात पहिल्यांदाच बघत होती. खालची भाषांतराची ओळ वाचेपर्यंत वर चौघे आडवे झालेले असायचे. सगळे हसायचे, तेव्हा हिचं लक्ष मोबाइलकडे.

मग पडद्यावरच्या आचाऱ्याच्या हाती कुणाचं तरी तान्हं बाळ आलं. एका हातात बाळ, दुसऱ्यात झारा, आणि अंगावर धावून येणारे दहा गुंड. झाऱ्याचे फटके देत तो छपरावर चढला आणि बाळ या हातातून त्या हातात उडू लागलं. ती ताडकन उभी राहिली. मांडीवरचा मोबाइल खुर्चीखाली गेला.

"अहो, मान धरा त्याची! मान!"

अख्खं थिएटर खदाखदा हसलं. मागून एक आजीबाई म्हणाल्या, "बाळंतीण दिसतेय गं बाई!" ती लाजून मटकन खाली बसली, आणि मग तिलाच हसू आवरेना.

तेवढ्यात दिवे लागले, मध्यंतर झालं. नवरा हेल्मेट घेऊन उठला. "चल, निघू या."

तिने शर्टाला धरून त्याला खाली ओढलं. "निघू या काय? ते लेकरू अजून छपरावर आहे!"